टाकीच्या आतले अस्तर

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या घरी लहानांनाही ठाऊक असे. ईद-दिवाळी जवळ आली की ग्वाल्हेरच्या गल्लीत कल्हईवाल्याचा भाता सुरू होई. तो भांडे घासून तापवी, नवसागराची चिमूट टाकी आणि 232 अंश सेल्सिअसला वितळणारे कथील आतून फिरवी. नवसागराने धातूवरचा मळ निघतो. मळावर कथील धरत नाही.

हाच नियम मोठ्या पोलादी टाक्यांना लागू आहे. ज्या टाक्या रात्रंदिवस पाण्याने वा रसायनाने भरलेल्या असतात, त्यांना आतून इपॉक्सीचे अस्तर देतात. राळ आणि हार्डनर हे दोन भाग ठरल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया होऊन घट्ट, चिवट थर तयार होतो. मात्र तो कितीही चांगला असला तरी पाण्याचा सूक्ष्म अंश त्यातून आत जातोच.

एका संस्थेच्या टाकीची हकीकत सांगतो. पावसाळ्यात घाईने गंज खरवडला आणि वरून अस्तर चढविले. टाकी आरशासारखी दिसू लागली. वर्षाच्या आत हरभऱ्याएवढे फोड आले, ते फुटले आणि मुलांच्या पेल्यात तांबूस पाणी येऊ लागले.

असे का झाले? रात्री एक मनुका पाण्यात टाकून सकाळी पहा. ती फुगलेली दिसेल. आतल्या साखरेने सालीतून पाणी ओढून घेतले. यास परासरण म्हणतात. गंजाच्या खळग्यांत राहिलेले क्षार अस्तराखालून असेच पाणी ओढतात. नवल असे की, बाहेरचे पाणी जितके शुद्ध, तितकी ही ओढ अधिक; समुद्राच्या पाण्यापेक्षा ऊर्ध्वपातित पाण्यात फोड लवकर येतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम तेल व क्षार धुऊन काढावेत. मग खरखरीत कणांचा जोरदार मारा करून पोलाद उघडे व खडबडीत करावे. वेल्डिंगचे सांधे व कडा यांवर ब्रशाने जादा हात द्यावा, कारण तेथे थर पातळ होतो. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश उष्ण असावा. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री पारा 10 अंशांखाली जातो; तेव्हा साधे इपॉक्सी फार सावकाश पक्के होते. पक्के झाल्यावर पातळ अस्तरावर कमी दाबाच्या विजेच्या यंत्राचा ओला स्पंज फिरवितात. सुईएवढे छिद्र असले तरी यंत्र वाजते. पिण्याच्या पाण्यासाठी त्या कामास प्रमाणित केलेलेच अस्तर घ्यावे.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टाकीच्या तळाशी साचते. कामगार बेशुद्ध पडतो, त्यास काढावयास उतरलेला दुसराही पडतो. पंख्याने हवा खेळती ठेवल्याशिवाय, हवा तपासल्याशिवाय व तोंडाशी पहारेकरी असल्याशिवाय कोणासही आत उतरवू नये.

संस्थांच्या कार्यकारिणीवरील बंधुभगिनींनो, अस्तर झाल्यावर चकाकी पाहून बिल मंजूर करू नका. अस्तर चढण्यापूर्वीचे उघडे पोलाद जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. पुढे दिसणार नाही ते आधीच पाहावयास हवे.