मेळ्याआधी फर्मे

इंदिरानगर, बेंगळुरू

चि. सागर,


वहिनीचा फोन आला तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. नमुन्यांची खोली बंद करून, नव्या फर्म्यांसाठी बाजूला काढलेले पैसे तू इटलीतल्या मेळ्यात गाळा घ्यायला भरणार आहेस म्हणे. हे खरं असेल तर थांब. परदेशी बाजार धरू नकोस असं मी म्हणत नाही, पण असा अर्ध्या तयारीने जाऊ नकोस.

तू म्हणशील, आपला कोल्हापुरी चपलांचा धंदा हाताचा, त्यात कसलं आलंय संशोधन? निर्यातीत घात होतो तो याच समजुतीने. एकट्या बुरशीचं बघ. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आपलं चामडं दमट हवेत बुरशी धरतं, आणि जहाजावरचा कंटेनर आठवडेच्या आठवडे बंद असतो. पूर्वी बुरशीवर पेंटाक्लोरोफिनॉल वापरत. जर्मनीने १९८९ मध्ये त्यावर बंदी आणली, १९९४ मध्ये काही अ‍ॅझो रंगांवर, आणि तमिळनाडूतल्या चामडे कारखानदारांची झोप उडाली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या मदतीने ज्यांनी पर्यायी रसायनं वापरात आणली, त्यांना बाजार टिकवता आला. पुढे खोक्यात डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या टाकायची रीत पडली. त्याने वापरणाऱ्यांच्या त्वचेला इजा होऊ लागली, तेव्हा युरोपीय संघाने २००९ मध्ये तेही बंद केलं. बुरशी तीच, पण तिच्यावरचा उपाय पुन्हापुन्हा नव्याने शोधावा लागला. ज्याच्याकडे नमुने करून पाहायची खोलीच नाही, त्याला असा बदल कळतो तो माल परत आल्यावर. आणि परत आलेला माल आपल्या घराला झेपणारा नाही. दादाच्या कर्जाचं तुला वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ऑर्डर मिळाली की गिऱ्हाईकच शिकवतं. इजिप्तमधल्या गालिचे विणणाऱ्यांवर अ‍ॅटकिन, खंडेलवाल आणि उस्मान या अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न घेऊन प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, काही विणकरांना परदेशी ऑर्डरींची संधी दिली. त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला, वीणही सुधारली. म्हणजे तुझं म्हणणं निम्मं खरं. पण ती सुधारली कशी? गिऱ्हाइकाने काढलेली खोट मधला व्यापारी विणकरापर्यंत नेत होता, आणि विणकर पुढच्या गालिच्यात ती दुरुस्त करत होता. आपल्यासारख्या धंद्यात संशोधन म्हणतात ते हेच. अथणीच्या ‘टोहोल्ड’ या चपला करणाऱ्या गटाचे कारागीरही मापं आणि नक्ष्या बसवतच परदेशी बाजारात गेले. तू मात्र तक्रार आली तर ती दुरुस्त करायची जागाच मोडतो आहेस. माझा जीव अडकलाय तो त्या खोलीत.

राहिलं कोल्हापुरी हे नाव. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने नाव राखलं जातं. टाच घासणारी चप्पल त्याने खपत नाही. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये आपल्याच घाटाची पायताणं दाखवली, केवढा गदारोळ झाला! त्याच डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी त्यांचा करार झाला, आणि त्यातही कारागिरांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहेच. एवढं मोठं गिऱ्हाईक दारात आलं तरी शिकणं चुकलेलं नाही.

हे तुझ्या वयात मला कुणी असं समजावलं नाही, याची हळहळ अजून वाटते. म्हणून जरा कडक लिहिलं. रागावू नकोस. तुझ्या हाताच्या वेणीसारखी वेणी आपल्या घरात कुणाला जमली नाही, आणि ती जगाने पायात घालावी असं मलाही फार वाटतं. मेळा पुन्हा भरेल. आधी दहा जोड चेन्नईला तपासायला पाठव, खर्च मी करते. अहवाल घेऊन इकडेच ये आणि चार दिवस राहा.

तुझी,
आत्या