डोळ्याच्या स्कॅनवर पार्किन्सन्स ठरत नाही

आमच्या काकांचं ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात साफ्या-टोप्यांचं दुकान. लग्नसराईत किनारीला गोटा टाचायचं काम ते स्वतः करायचे. एका हंगामात त्यांना सुईला दोन नेढी दिसायला लागली. चष्मा बदलला, पुन्हा बदलला. नंबर वाढला, नेढी दोनच. गंमत म्हणजे एक डोळा मिटला की सुई एकच दिसायची. हे ते बाड्यावरच्या मित्रांना हसत सांगायचे. चष्म्याच्या दुकानात मात्र कुणी विचारलंच नाही.

एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल, तर दोष बहुधा नंबरात नसतो, दोन्ही डोळे जुळवून फिरवण्यात असतो. जवळचं बघताना डोळे नाकाकडे वळावे लागतात आणि पार्किन्सन्समध्ये ते नीट वळत नाहीत. एका ओळीवरून दुसरीवर जाणारी नजर तोकडी पडते. पापण्याही कमी लवतात. एरवी माणूस मिनिटाला 15-20 वेळा पापणी लववतो. काकांची नजर लागली की लागलीच. काकू वैतागायची, "असे काय डोळे वटारून बघता हो? गिऱ्हाईक पळेल!" त्यात करड्या कापडावरची करडी टीप त्यांना दिसेनाशी झाली. पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारं डोपामिन डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींनाही लागतं, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं.

पुढे उजवा हात कापायला लागला आणि एका खासगी नेत्रचिकित्सालयात ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन झालं. पडदा पातळ आहे, तेव्हा पार्किन्सन्सच, असं सांगून तिथले डॉक्टर मोकळे झाले. घरात रडारड. भाच्याने मोबाइलवर बातमी दाखवली, तीही खरी होती. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयाच्या आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2023 मध्ये दीड लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पार्किन्सन्सच्या रुग्णांत पडद्याचे आतले दोन थर पातळ आढळले. आजाराचं निदान होण्याच्या सरासरी सात वर्षं आधीच्या स्कॅनमध्येही ही खूण सापडली.

पण हा हजारो डोळ्यांच्या सरासरीचा हिशेब आहे. तो एकट्या माणसाच्या रिपोर्टवर चिकटवता येत नाही. काकांना जुना मधुमेह. मधुमेहाने, काचबिंदूने, वयाने, मोठ्या मायनस नंबरानेही पडदा पातळ भरतो. शेवटी निदान जसं बरोबर निघालं, तसं ते चुकूही शकलं असतं.

मग काकांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी स्कॅन बाजूला ठेवलं. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली, मनगट फिरवून ताठरपणा पाहिला, चालवून पाहिलं. नजरही तपासली, पण वेगळ्या कारणासाठी: वर-खाली बघता येतं का? खाली बघणं अडत असेल आणि पहिल्या वर्षातच माणूस तोल जाऊन पडत असेल, तर तो पीएसपी नावाचा निराळा आजार असू शकतो. मग औषधांची यादी मागितली. चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिनसारख्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तरी असाच मंदपणा आणि कंप येतो. आपल्याकडे या गोळ्या किती सहज चालू राहतात, ते घरचा डबा उघडून बघा.

आजार किती पुढे गेला हे नजरेच्या हालचालींवरून मोजायचे प्रयोग चालू आहेत, पण ती पद्धत अजून रोजच्या उपचारात आलेली नाही. म्हणून 'पार्किन्सन्ससाठी डोळ्यांचं पॅकेज' कुणी विकत असेल तर पैसे जपून ठेवा. ओसीटी मधुमेहासाठी, काचबिंदूसाठी जरूर करा. ते त्याचं खरं काम आहे.

डोळ्यांची तक्रार मात्र गिळू नका. दुहेरी दिसत असेल तर चष्म्यात प्रिझम घालून पुष्कळदा आराम पडतो, काकांना पडला. पापणी कमी लवल्याने डोळे कोरडे पडतात, त्यावर थेंब आहेत. दुहेरी नंबराच्या चष्म्याने जिना उतरताना पायरी पुसट दिसते. चालण्याचा आणि वाचण्याचा चष्मा वेगळा करा. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्याने नजर धूसर होते आणि काही जणांत डोळ्याचा दाब एकाएकी चढतो. नसलेली माणसं भिंतीवर दिसत असतील तर लाजेने लपवू नका, न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्यांना जयारोग्य रुग्णालय जवळ आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना आधार देतं. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आणि एक डोळा झाकल्यावर काय दिसतं ते घरीच बघून कागदावर लिहून न्या.