फ्रिजच्या दारातील पाणी अडले तर

बंगळूरच्या अनेक वसाहतींत कावेरीच्या पाण्याबरोबर बोअरवेलचे जड पाणीही वापरले जाते. त्यातील क्षारांमुळे फ्रिजच्या दारातून येणारी पाण्याची धार मंदावते. अशा वेळी प्रथम नियंत्रण-फलकावरील कुलपाचे चिन्ह पाहावे. ते दिसत असल्यास कुलपाची कळ काही सेकंद दाबून धरावी. फलकच बंद असल्यास प्लग काढून ५ मिनिटांनी पुन्हा लावावा. नंतर टाकी, नळी व फिल्टर तपासावा. फिल्टर साधारणतः ६ महिन्यांनी बदलावा लागतो. दोष कायम राहिल्यास तंत्रज्ञास पाचारण करावे. मात्र सेवाकेंद्राचा क्रमांक हमीपत्रावरूनच घ्यावा. इंटरनेटवरील बनावट क्रमांकांमुळे ग्राहकांची खाती रिकामी होतात. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवावे.