एप्रिलची शाळा आणि विदर्भाचे ऊन

प्रश्न : शाळा एप्रिलअखेरपर्यंत लांबवण्यास पालकांचा विरोध का असतो? (हुडकेश्वर, नागपूर)

उत्तर : विरोधाचे मूळ उन्हात आहे. 2025 मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. विदर्भात तोवर पारा चाळिशी ओलांडतो. नागपुरात 23 मे 2013 रोजी तो 47.9 अंशांवर गेला होता. म्हणूनच येथील शाळा उर्वरित राज्यानंतर उघडतात. 2025 मध्ये 16 ऐवजी 23 जूनला. तापलेले वर्ग आणि मामाच्या गावाचे हुकलेले बेत यांनी नाराजी वाढते, आणि दुसरे कारणही क्षुल्लक नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 मात्र महिने ठरवत नाही. पाचवीपर्यंत 200 दिवस व 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास, एवढेच तो मागतो. ते कोणत्या ऋतूत भरायचे, हा निर्णय प्रशासनाचा.