परवाना

मुलांनो, पनवेल स्थानकाबाहेर पडलात की मोबाइलची लहान लहान दुकाने दिसतात. कोणी सिमकार्ड विकतो, कोणी रिचार्ज करून देतो, कोणी फुटलेली काच बदलतो. दुकान लहान असले, तरी तेथे सिमकार्ड कसे विकायचे हे दुकानदार एकटा ठरवत नाही. त्यासाठी सरकारचे नियम आहेत.

आपल्या देशात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली. तेव्हा एक मिनिट बोलायला सोळा रुपयांपर्यंत खर्च येई. आलेल्या फोनचेही पैसे पडत! १९९७ साली संसदेच्या कायद्याने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. त्याला थोडक्यात ‘ट्राय’ म्हणतात. कंपन्यांनी एकमेकींना किती पैसे द्यावेत हे ट्रायने ठरवून दिले आणि २००३ पासून आलेला फोन फुकट झाला. मग रिक्षावाला आणि भाजीवालाही मोबाइल घेऊ लागला.

मोबाइल चालतो तो हवेतील लहरींवर. त्या वापरायला कंपनीला परवाना लागतो. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दू शायरीतला परवाना शमेभोवती फिरतो. मराठीतला मात्र सरकारी कचेरीतून मिळतो.

परवाना गेला तर काय होते? लूप ही कंपनी फक्त मुंबई परिमंडळात सेवा देई. पूर्वी तिचे नाव बीपीएल मोबाइल होते. तिचा वीस वर्षांचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्ये संपला. एअरटेलशी ठरलेला सातशे कोटींचा सौदाही सरकारी मंजुरीअभावी मोडला. लाखो ग्राहकांना दुसरी कंपनी शोधावी लागली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर होती, म्हणून त्यांचे नंबर वाचले. दुकानदारांकडे उरलेली लूपची सिमकार्डे मात्र कोण घेणार?

आता दुकानदाराकडे वळू. दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड काढून लोकांना फसवण्याचे प्रकार वाढले. म्हणून १ डिसेंबर २०२३ पासून सिमकार्ड विकणाऱ्याची नोंदणी सक्तीची झाली. गैरप्रकार केल्यास त्याला तीन वर्षे काळ्या यादीत टाकतात. नियम कडक आहे, पण मला तो योग्य वाटतो. कारण फसवणुकीत गेलेला पैसा बहुधा गरिबाचा असतो.

तुम्हीही सावध राहा. “अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा लावा,” असे कोणी म्हटले तर कारण विचारा. त्या दुसऱ्या ठशावर आणखी एक सिमकार्ड निघू शकते. आपल्या नावावर किती नंबर आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीला नऊपर्यंत सिमकार्डे घेता येतात. आज घरी अब्बा-अम्मींच्या नावावरचे नंबर मोजून पाहा. अनोळखी नंबर दिसला, तर त्याच ठिकाणी तक्रार नोंदवता येते.

स्वाध्याय
१. लूपच्या ग्राहकांचे नंबर कशामुळे वाचले?
२. ‘परवाना’ या शब्दाचे दोन अर्थ वाक्यांत वापरा.
३. जवळच्या मोबाइल दुकानदाराला सिमकार्ड विकण्याचे नियम विचारा आणि पाच वाक्ये लिहा.