पाण्यातला महाल

प्रवरेच्या परिसरातील देवळाली प्रवरा गावच्या मुलांना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. कालव्याला पाणी सुटले की ऊस तरारून उठतो. आवर्तन लांबले की उभे पीक माना टाकते. पाण्यावाचून शेत उजाड होते, हे ती नित्य पाहतात. परंतु पाण्यावाचून राजवाडाही उजाड होतो, हे पाहावयाचे असेल, तर नगरचा फराहबख्श महाल पाहावा.

अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर, ही निजामशाहीची राजधानी होती. शहराच्या आग्नेयेस हा महाल आहे. 'फराहबख्श' म्हणजे आनंद देणारा. लोकांनी त्याचे 'फऱ्याबाग' असे सुटसुटीत नाव केले. प्रथम बांधलेला महाल सुलतानाच्या पसंतीस उतरला नाही, म्हणून तो पाडून पुन्हा बांधण्यात आला, असे सांगतात. हे काम सलाबतखान या प्रधानाने इ. स. १५८३ मध्ये तडीस नेले. त्या वेळी मुर्तजा निजामशाह गादीवर होता. राज्यकारभारात त्याचे मन रमत नसे. येथे तो बुद्धिबळ खेळण्यात रंगून जाई, अशी आख्यायिका आहे.

महाल अष्टकोनी असून त्याचे बांधकाम दगडचुन्याचे आहे. मध्यभागी उंच घुमटाचा दिवाणखाना, भोवती दुमजली दालने आणि चहूबाजूंस भव्य कमानी, अशी त्याची रचना आहे. पण त्याची खरी शोभा निराळीच होती. तो एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभा होता आणि तलावाभोवती बाग होती. नगरचा उन्हाळा कोरडा व कडक. तलावावरून येणारा वारा पाण्याच्या स्पर्शाने थंड होई, कमानींतून आत शिरे आणि दालने शीतल करी. आतली उष्ण हवा उंच घुमटाकडे चढे. पाणी हे तेथे केवळ शोभेचे नव्हते. तो त्या इमारतीचाच एक भाग होता.

हे पाणी दुरून आणावे लागे. नगर परिसरात त्या काळी भाजलेल्या मातीच्या खापरी नळांनी पाणी खेळवीत. विजेवर चालणारे पंप तेव्हा नव्हते. जमिनीचा उतार अचूक ओळखून नळ घातले, तरच पाणी इच्छित स्थळी पोहोचे. उतार चुकला की सारे श्रम वाया! असे नळ घालणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. परंतु त्यांच्यावाचून सुलतानाचे वैभव कोरडेच राहिले असते.

इ. स. १६३६ मध्ये निजामशाही संपली. आज तो तलाव कोरडा आहे; बागेचा जुना थाटही उरलेला नाही. महाल मात्र संरक्षित स्मारक म्हणून उभा आहे. महाल एकदा बांधला की पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. पाण्याची निगा मात्र रोज राखावी लागते. भिंतीवर आपले नाव कोरण्यास हात उचलणाऱ्याने त्या अनाम कारागिरांचे स्मरण करावे. ज्यांनी इतके केले, त्यांनी आपले नाव कोठेच कोरले नाही!

स्वाध्याय
१. महाल थंड कसा राहत असे?
२. खापरी नळ घालताना कोणती काळजी घ्यावी लागे?
३. 'तडीस नेणे', 'माना टाकणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.