ताप अंगावर काढू नकोस

खरं सांग, जानेवारीत वर्षभराच्या रजा बोटांवर मोजतेस, तेव्हा त्यातली एक तरी स्वतःच्या दुखण्यासाठी धरतेस का? दोन लेकराच्या परीक्षेला, एक सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, एक प्रकट दिनाला शेगावी जायला, आणि उरलेल्या वैशाखातल्या लग्नांना. खामगाव असो, चिखली असो की मलकापूर, दुकानात, शोरूमला, पतसंस्थेत काम करणाऱ्या आपल्यासारख्या कितीतरी जणींचा हिशोब हाच असतो. मग स्वतःला ताप भरला की रजाच शिल्लक नसते. एक गोळी घ्यायची, तोंडाला ओढणी बांधायची आणि एसटीत उभ्याने कामावर निघायचं. मला तुझ्याशी याबद्दलच बोलायचंय, आणि साथ सुरू व्हायच्या आत बोलायचंय.

फ्लू आपल्याकडे वर्षातून दोनदा जोर धरतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात, तो सरेपर्यंत. पहिला मोसम बघ कधी येतो. माघात शेगावचा प्रकट दिन, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, मधे लग्नाचे बस्ते. म्हणजे गर्दीला ऊत आणि तुझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नेमकी तेव्हाच रजा मागायची म्हणजे तुझ्या पोटात गोळा येणार, हे मला कळतं गं. पण साधी सर्दी आणि फ्लू यात फरक आहे. सर्दी हळूहळू चढते. फ्लू सकाळी नसतो आणि दुपारी अंगात भरतो. थंडी वाजते, ताप १०१–१०२ वर जातो, पाठ-मांड्या ठणकतात, कोरडा खोकला लागतो, ताटावर बसावंसं वाटत नाही. असं झालं की त्या दिवशीचं काम तिथेच ठेव आणि घरी जा.

का, ते सांगते. हा विषाणू लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पसरायला लागतो आणि पुढे पाच-सात दिवस पसरतच राहतो. सगळ्यात जास्त पसरतो तो पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे ज्या दिवसांत तू "निभावून नेते" म्हणतेस त्याच दिवसांत. तापाच्या गोळीने ताप उतरतो, बरं वाटतं, पण खोकल्यातून जायचं ते जातच राहतं. काउंटरपलीकडे सातव्या महिन्याची गर्भवती साडी बघत असते, साखरेचा आजार असलेली तिची आई शेजारी बसलेली असते. त्या दोघींना हा आजार तुझ्यापेक्षा कितीतरी जड जाऊ शकतो. पाच वर्षांच्या आतली लेकरं, पासष्टीपुढचे, दमेकरी, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांचंही तेच.

फ्लू कामाच्या जागेवरून कसा फिरतो, हे आपल्या मुलखाने फार वाईट रीतीने पाहिलंय. १० जून १९१८ ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. त्यांच्यामागोमाग कोण आजारी पडलं बघ: एका जहाज कंपनीची माणसं, पोर्ट ट्रस्टची माणसं, हाँगकाँग अँड शांघाय बँकेतले, तार खात्यातले, टांकसाळीतले, रेचल ससून गिरणीतले. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती कितीतरी घातक होती आणि ती रेल्वेने देशभर गेली. मुंबई–नागपूर लाइन आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाते, आणि जलंब–खामगाव फाटा तर १८७० पासून आहे. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी एक ठरला. आपला जिल्हा तेव्हा त्याच वऱ्हाडात होता. आजचा फ्लू तेवढा भयंकर नाही, औषध आहे, लस आहे. पण पसरायची वाट तीच आहे, माणूस आजारी असताना कामावर जातो ती.

आता रजेचं. ती मागताना तुला उपकार मागितल्यासारखं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या जागांना लागू होता, २०२५ मध्ये सरकारने ही मर्यादा वीसवर नेली. तुमच्या दुकानात शिवणकाम, गोदाम, काउंटर सगळं धरून किती माणसं आहेत ते मोज. कायदा लागू असेल तर वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी मिळतात. त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. म्हणजे त्या जपून ठेवून डिसेंबरनंतर काहीच हाती लागत नाही. वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा वेगळी, आणि ती मात्र ४५ दिवसांपर्यंत साठते. 'आजारपणाची रजा' असा वेगळा कप्पा या कायद्यात नाही, म्हणून आपल्याला याच रजांमधून आधीच दोन-तीन बाजूला काढून ठेवाव्या लागतात. लेकराच्या परीक्षेला एक दिवस त्याचे बाबा घेतील. विचारून तर बघ.

पगाराच्या स्लिपवर 'ईएसआयसी' असं लिहून काही कापलं जातं का, तेही बघ. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेत तुझा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असतो. त्या बदल्यात नुसते उपचार मिळतात असं नाही. हजेरीची अट पूर्ण असेल, म्हणजे आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवस भरले असतील, तर आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, त्यामुळे पाच दिवसांच्या फ्लूत हाती थोडंच पडतं. पण लांबलं, न्यूमोनियावर गेलं, तर हाच मोठा आधार. मात्र त्यासाठी विमा योजनेच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते पहिल्याच दिवशी घ्यायचं. बरी झाल्यावर मागची तारीख टाकून मागायला जाऊ नकोस. चांगला डॉक्टर ते देणार नाही आणि देऊही नये.

रजा मालकाला, म्हणजे भाऊंना, सांगायची ती लेखी, दुकान उघडायच्या आधी. "भाऊ, काल रात्रीपासून १०२ ताप, अंगदुखी आणि खोकला आहे. आज दवाखान्यात जाते. गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप राहिला नाही की कामावर येईन. कालचा हिशोब आणि गल्ल्याची किल्ली कोणाकडे आहे ते खाली लिहिलंय." एवढं पुरे. माफी मागू नकोस, दहा कारणं जोडू नकोस. किल्ली-हिशोबाचं सांगितलंस की समोरच्याची निम्मी चिडचिड तिथेच संपते. मेसेज जपून ठेव, पगार कापला तर बोलायला उपयोगी पडतो.

आणि दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, एक सलाईन लावा, उद्या कामावर जायचंय" म्हणू नकोस. आपल्याकडे हे फार चालतं आणि मला त्याचा राग येतो. सलाईनने फ्लू जात नाही, अँटिबायोटिकनेही नाही. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ ची साथ होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेच सांगितलं होतं की अँटिबायोटिक टाळा, ताप तीनेक दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. फ्लूवरचं औषध, ऑसेल्टामिविर, डॉक्टरांना गरज वाटली तरच, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. म्हणून गर्भवती किंवा साखरवाल्या मैत्रिणीने वाट बघत बसू नये. दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले, थुंकीतून रक्त आलं, माणूस गुंगीत जायला लागला, तर १०८ ला फोन.

ज्यांना रजाच नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सतावतो. जिनिंगमध्ये रोजाने जाणाऱ्या, मार्केट यार्डात धान्य निवडणाऱ्या बाया एक दिवस घरी बसल्या तर त्या दिवसाची चूल अडते. त्यांना "आराम करा" म्हणणं सोपं आहे. तुमच्या बचत गटात हा विषय काढ. आजारपणाच्या तीन-चार दिवसांसाठी अंतर्गत कर्ज, शक्य तर बिनव्याजी, आणि त्यासाठी हप्ता चुकला तर दंड नाही, एवढा ठराव बैठकीत होऊ शकतो. हा मालकाच्या जबाबदारीला पर्याय नाही, पण सावकारापेक्षा बरा.

आणखी एक. तू आता काउंटरवर सीनियर झालीस, चार पोरी तुझ्याकडे बघून वागतात. त्यातली कुणी तापाने आली तर तिला परत पाठवायचं काम तुझं. "मी तर १०३ तापात आले होते" असं त्यांना ऐकवू नकोस. एकही खाडा नसलेल्याला मिळणारं हजेरीचं बक्षीस साथीपुरतं बंद ठेवा, असं भाऊंना तूच सुचव. पाचशे रुपयांच्या बक्षिसापायी एक जण आजारी येते आणि आठवड्याने, ऐन बस्त्याच्या गर्दीत, चौघी घरी असतात. हे गणित व्यापाऱ्याला लवकर पटतं. कोणाच्या जागी कोण उभी राहील याची यादी प्रकट दिनाच्या आधीच करून भिंतीला लावा. फ्लूची लस घ्यायची तर तीही त्याच्या दोन आठवडे आधी, कारण तिचा असर व्हायला तेवढे दिवस लागतात, आणि ती दरवर्षी घ्यावी लागते.

भाऊंशी बोलायला एकटीने जाऊ नकोस, दोघी-तिघी मिळून जा. आणि जायच्या आधी मला फोन कर, काय बोलायचं ते आपण एकदा नीट ठरवून घेऊ.